एक खेप, तीन वस्तू आणि वाहतुकीचं एकच बिल

एका व्यवसायाच्या खरेदीवहीत तीन वेगळ्या वस्तूंसमोर एकच आकडा तीनदा लिहिलेला आहे: ९.२५ टक्के. खरेदी किमतीवर ९.२५ टक्के चढवले की माल दुकानात पडला केवढ्याला ते निघतं, असा तिथल्या हिशेबनिसाचा नेम आहे. बेरीज चोख आहे, ताळा जमतो, कोणाची बाकी राहिलेली नाही. तरीही या आकड्यामुळे मालकांना आपली कोणती वस्तू पैसे मिळवते आणि कोणती बुडवते हे उलटंपालटं दिसतं आहे.

प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. हातानं तपासता यावेत म्हणून आकडे सोपे घेतले आहेत आणि चलन कोणतंही धरलं तरी चालेल. प्रत्येक पायरी कागदावर स्वतः मांडून पाहावी, कारण यातली चूक वाचताना सहसा लक्षात येत नाही. मांडताना मात्र हाताला लागते.

व्यवसाय कार्यालयीन फर्निचर मागवून विकतो. एकाच पुरवठादाराकडून, एकाच खेपेत, समुद्रमार्गे तीन वस्तू आल्या.

| वस्तू | नग | दर | किंमत | वजन (किलो) | आकारमान (घनमीटर) |
|---|---|---|---|---|---|
| खुर्च्या | १०० | ८०० | ८०,००० | ६०० | १२ |
| काचेचे टेबलदिवे | २०० | ४५० | ९०,००० | ३०० | ४ |
| टेबलाचे ओतीव लोखंडी पाय | ६० | ५०० | ३०,००० | १,२०० | ४ |
| एकूण | ३६० | | २,००,००० | २,१०० | २० |

खेपेवर झालेला खर्च असा: जहाजभाडं २१,०००, विमा २,०००, माल चढवण्या-उतरवण्याची हमाली २,५०० आणि लाकडी खोकी ३,०००. एकूण २८,५००. बिल २,००,००० किंवा त्याहून अधिक झालं तर पुरवठादार ५ टक्के सूट देतो. बिल नेमकं तेवढंच झालं, म्हणून १०,००० सूट मिळाली. खर्चातून सूट वजा केली की १८,५०० उरतात. ते २,००,००० वर पसरले तर ९.२५ टक्के येतात. या हिशेबानं खुर्ची ८७४ ला पडते, दिवा ४९१.६३ ला आणि पाय ५४६.२५ ला. सगळ्या खेपेचं मूल्य २,१८,५००.

ही एकूण रक्कम शेवटपर्यंत बदलणार नाही. बदलणार आहे ती फक्त तिन्ही वस्तूंमधली वाटणी. ताळा जुळला याचा अर्थ बेरीज बरोबर आली एवढाच होतो, वाटणी योग्य झाली की नाही हे त्यातून कळत नाही. चुकीच्या प्रमाणात वाटलेला खर्चही बेरजेला तितकाच चोख जुळतो, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं वहीत राहू शकते.

प्रमाणशीर वाटपाचं गणित शाळेतल्या त्रैराशिकाचं आहे: सामाईक खर्चाला वस्तूच्या आधारानं गुणायचं आणि सर्व वस्तूंच्या आधारांच्या बेरजेनं भागायचं. सगळा प्रश्न ‘आधार’ या एका शब्दात आहे. किंमत, वजन, आकारमान की नगांची संख्या? हिशेबनिसानं किंमत धरली, कारण ती बिलावर समोरच छापलेली असते. वजन आणि आकारमान शोधायला वाहतुकीची कागदपत्रं उघडावी लागतात.

आधार ठरवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: हा खर्च खरंच सामाईक आहे का? लाकडी खोकी काचेच्या दिव्यांसाठीच केली होती. खुर्च्या नुसत्या कापडात गुंडाळून आल्या आणि लोखंडी पायांना वेष्टनच नव्हतं. तेव्हा ३,००० ही रक्कम वाटायची नाहीच, ती अख्खी दिव्यांवर जाते. किमतीच्या प्रमाणात वाटल्यामुळे खुर्च्यांवर १,२०० आणि पायांवर ४५० असा दुसऱ्याच्या खोक्यांचा बोजा पडला होता. वाहतूकदार किंवा पुरवठादार एका कागदावर पाच रकमा लिहितो म्हणून त्या पाचही सामाईक होत नाहीत. माझ्या मते वाटपातल्या निम्म्या चुका इथेच, आधाराचा विचार सुरू होण्याआधीच, होऊन जातात.

आता सर्वांत मोठी रक्कम, जहाजभाड्याचे २१,०००. चार आधारांवर चार उत्तरं येतात. किमतीवर वाटलं तर खुर्च्या ८,४००, दिवे ९,४५०, पाय ३,१५०. वजनावर वाटलं तर ६,०००, ३,००० आणि १२,०००. नगांवर वाटलं तर ५,८३३, ११,६६७ आणि ३,५००. आकारमानावर वाटलं तर १२,६००, ४,२०० आणि ४,२००. लोखंडी पायांचा वाटा ३,१५० पासून १२,००० पर्यंत कुठेही जाऊ शकतो, आणि गणिताच्या दृष्टीनं चारही उत्तरं निर्दोष आहेत.

मग निवड कशावरून करायची? भाडं कशामुळे वाढलं ते पाहून. पूर्ण कंटेनर न घेता त्यातली थोडी जागा घेणाऱ्या मालावर समुद्रमार्गे भाडं आकारताना एक जुनी रीत आहे: टनांतलं वजन आणि घनमीटरांतलं आकारमान यांपैकी जो आकडा मोठा, त्यावर आकारणी. या खेपेचं वजन २.१ टन आणि आकारमान २० घनमीटर. म्हणून वाहतूकदारानं २० घनमीटर धरले आणि दर घनमीटरला १,०५० लावले. भाडं जागेचं भरलं. खुर्च्या हलक्या, पण पोकळ. त्यांनी २० पैकी १२ घनमीटर अडवले, म्हणून १२,६०० त्यांचे. इथे पर्यायांमध्ये तुलना करत बसण्याचं कारणच उरत नाही, बिल स्वतःच आधार सांगतं.

माल विमानानं आला असता तरी हेच झालं असतं का? हवाई वाहतुकीत ६,००० घनसेंटिमीटरला एक किलो, म्हणजे घनमीटरला साधारण १६७ किलो, असं ‘आकारमानी वजन’ काढण्याची रूढ पद्धत आहे. २० घनमीटरचे ३,३३३ किलो होतात. खरं वजन २,१०० आहे, तेव्हा आकारणी जागेवरच झाली असती. पण तिन्ही वस्तू वेगवेगळ्या पाठवल्या तर? खुर्च्या २,००० किलो, दिवे ६६७ किलो, आणि पाय मात्र खऱ्या वजनावर, १,२०० किलो. बेरीज ३,८६७. एकत्र पाठवल्यामुळे ५३३ किलोचं भाडं वाचतं, कारण जड पाय आणि पोकळ खुर्च्या एकमेकांना सावरून घेतात. ही बचत कोणाची? ती दोघांमुळे झाली आहे, आणि साधं प्रमाण या प्रश्नाला उत्तर देत नाही. हाच प्रश्न सुटीच्या बाबतीत पुन्हा येणार आहे, तो लक्षात ठेवू.

विम्याचा हप्ता मालाच्या मूल्यावर ठरला, म्हणून तो किमतीच्या प्रमाणात: ८००, ९०० आणि ३००. रक्कम छोटी आहे, कशाला वेगळा आधार, असं वाटू शकतं. पण विमा वजनावर वाटला असता तर पायांच्या वाट्याला ३०० ऐवजी १,१४३ आले असते, म्हणजे नगामागे १४ जास्त. पायावरचा नफा किती बारीक आहे ते पुढे दिसेल, तेव्हा हे १४ मोठे वाटतील.

हमाली ठोक ठरली होती, २,५००. इथे बिल आधार सांगत नाही. श्रम वजनानुसार लागले असं धरणं मला रास्त वाटतं, पण हा निर्णय आहे, सत्य नव्हे. कोणी आकारमान धरलं तर त्याला चूक म्हणता येणार नाही, मात्र एकदा धरलेला आधार दर खेपेला तोच ठेवावा लागेल. ज्या वर्षी नफा हवा त्या वर्षी एक आधार आणि नको त्या वर्षी दुसरा, असं सुरू झालं की वहीवरचा विश्वास संपतो.

वजनावर वाटताना एक व्यावहारिक अडचण येते. २,५०० भागिले २,१०० म्हणजे किलोला १.१९०४७६... हिशेबनिसानं दर १.१९ असा छाटून लिहिला तर खुर्च्या ७१४, दिवे ३५७, पाय १,४२८. बेरीज २,४९९, एक कमी. दर १.२ केला तर बेरीज २,५२०, वीस जास्त. दर कधीच छाटू नये. आधी गुणाकार, मग भागाकार आणि अगदी शेवटी पूर्णांक: ७१४.२९, ३५७.१४, १,४२८.५७, म्हणजे ७१४, ३५७ आणि १,४२९. बेरीज २,५०० येते. पूर्णांकात आणल्यावरही एखादा एकक कमी-जास्त झालाच, तर ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा राहिला त्याला तो द्यावा. ‘शेवटच्या ओळीत टाकून द्या’ ही सवय सोयीची असली तरी तिच्यामुळे दर महिन्याला एकाच वस्तूवर फरक साचत जातो.

सूट बिलाच्या रकमेवर मिळाली, प्रत्येक ओळीवर ५ टक्के, म्हणून ती किमतीच्या प्रमाणात वजा: ४,०००, ४,५०० आणि १,५००. आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ साठ्याविषयी आहे. त्यानुसार खरेदी किंमत, आयात कर, आणण्याचा आणि हाताळणीचा खर्च मालाच्या खर्चात मिळवायचा आणि व्यापारी सूट त्यातून वजा करायची. विक्रीचा खर्च आणि विकायला तयार माल गोदामात पडून राहिल्याचं भाडं मात्र त्यात धरायचं नाही, तो त्या त्या काळाचा खर्च. गोदामभाडं मालावर चढवण्याचा मोह बऱ्याच ठिकाणी दिसतो, म्हणून ही आठवण.

नव्या मांडणीत खुर्च्यांचं मूल्य असं होतं: ८०,००० वजा ४,०००, अधिक १२,६००, अधिक ८००, अधिक ७१४, म्हणजे ९०,११४. दिवे: ९०,००० वजा ४,५००, अधिक ४,२००, ९००, ३५७ आणि खोक्यांचे ३,०००, म्हणजे ९३,९५७. पाय: ३०,००० वजा १,५००, अधिक ४,२००, ३०० आणि १,४२९, म्हणजे ३४,४२९. तिन्हींची बेरीज पुन्हा २,१८,५००.

| वस्तू | विक्री दर | जुनी पडत | जुना नफा | नवी पडत | नवा नफा |
|---|---|---|---|---|---|
| खुर्ची | ८९० | ८७४.०० | १६.०० | ९०१.१४ | −११.१४ |
| दिवा | ५२० | ४९१.६३ | २८.३७ | ४६९.७९ | ५०.२१ |
| पाय | ६०० | ५४६.२५ | ५३.७५ | ५७३.८२ | २६.१८ |

मालक इतके दिवस लोखंडी पायांना आपली सर्वांत चांगली वस्तू मानत होते. पायांवरचा नफा निम्म्यावर आला, दिव्यांवरचा जवळजवळ दुप्पट झाला आणि खुर्ची प्रत्येक नगामागे तोट्यात निघाली. सगळा माल विकला गेला तर एकूण नफा दोन्ही पद्धतींत १०,५०० च आहे. जुन्या वाटणीत तो १,६००, ५,६७५ आणि ३,२२५ असा होता, नव्या वाटणीत −१,११४, १०,०४३ आणि १,५७१ असा आहे.

‘एकूण नफा तोच, मग फरक काय पडला?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. फरक पहिल्यांदा वर्षअखेरीला पडतो, कारण सगळा माल विकला गेलेला नसतो. समजा वर्षात ३० खुर्च्या, १८० दिवे आणि ५० पाय विकले गेले. विक्री १,५०,३००. शिल्लक ७० खुर्च्या, २० दिवे, १० पाय. जुन्या पडतीनं अखेरचा साठा ७६,४७५ येतो आणि ढोबळ नफा ८,२७५. नव्या पडतीनं साठा ७८,२१४ येतो, म्हणजे न विकल्या गेलेल्या खुर्च्यांनी जास्त खर्च पुढच्या वर्षात नेला.

पण इथे थांबता येत नाही. साठा पडत किंवा निव्वळ विक्रीमूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येणारी किंमत) यांपैकी जे कमी त्यावर मांडायचा असतो, हा त्याच मानकाचा गाभा आहे. खुर्चीची पडत ९०१.१४ आणि ती विकली जाणार ८९० ला. विक्रीसाठी वेगळा खर्च नाही असं धरलं तरी ७० खुर्च्या ६२,३०० च्या वर दाखवता येत नाहीत. ७८० याच वर्षी तोट्यात लिहावे लागतात. साठा ७७,४३४ आणि ढोबळ नफा ९,२३४ होतो. जुन्या पडतीत खुर्ची ८७४ ची दिसत होती, ८९० पेक्षा कमी, त्यामुळे तोट्याची ही नोंद करायची वेळच आली नसती. ताळेबंदात घसरलेला माल चांगला म्हणून बसला असता, आणि तेही कोणी काही लपवलेलं नसताना, केवळ भाडं किमतीवर वाटल्यामुळे.

दुसरा फरक निर्णयात पडतो, आणि तिथे नवी वाटणीसुद्धा डोळे झाकून वापरली तर घात करते. तक्ता पाहून मालकांनी साहजिकच म्हटलं, ‘खुर्च्या बंद करू.’ नगामागे ११ चा तोटा, मग ठेवायच्या कशाला?

खुर्च्या नसत्या तर काय झालं असतं ते मांडू. खरेदीचे ८०,००० वाचले असते. १२ घनमीटर जागा लागली नसती, तिचे १२,६०० वाचले असते. विम्याचे ८०० वाचले असते. हमाली ठोक होती, ती कमी झाली नसती; खुर्च्यांवर टाकलेले ७१४ उरलेल्या दोघांना सोसावे लागले असते. वाचले ९३,४००. गेले काय? खुर्च्यांची विक्री, ८९,०००. आणि बिल २,००,००० वरून १,२०,००० वर आल्यामुळे संपूर्ण सूट, १०,०००. म्हणजे ९९,०००. निव्वळ नुकसान ५,६००. नफा १०,५०० वरून ४,९०० वर येतो. तोट्यात दिसणारी वस्तू काढून टाकली की व्यवसायाचा नफा निम्म्याहून खाली जातो.

मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न तो हाच. वहीत सुटीतले ४,००० च खुर्च्यांच्या नावावर आहेत, पण खुर्च्या गेल्या तर १०,००० च्या १०,००० जातात. हेच दिव्यांचं आणि पायांचंही, कारण बिल नेमकं उंबरठ्यावर उभं आहे आणि तिघांपैकी कोणीही गेलं तरी सूट बुडते. सामाईक लाभ कोणामुळे मिळाला याचं रीतसर उत्तर लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलं. प्रत्येक घटक येण्यानं किती भर पडते याची सर्व क्रमांतली सरासरी घ्यायची. इथे जो शेवटी येतो तोच सूट मिळवून देतो, आणि शेवटी येण्याची संधी तिघांनाही सारखीच आहे. म्हणून या रीतीनं प्रत्येकाच्या वाट्याला ३,३३३ येतात. वहीसाठी मी तरी किमतीचंच प्रमाण ठेवेन, कारण सूट किमतीवरची आहे आणि ते कोणालाही तपासता येतं. पण वस्तू ठेवायची की काढायची हे ठरवताना वहीतला वाटा बाजूला ठेवावा आणि फक्त एवढंच पाहावं: ती गेली तर काय खरोखर थांबतं आणि काय तसंच राहतं. वाटपानं पडत निघते. टाळता येणारा खर्च वेगळा मोजावा लागतो. या दोन आकड्यांची सरमिसळ झाली की चांगल्या हेतूनं चुकीची वस्तू बंद पडते.

बंद करायच्या नाहीत, तर खुर्च्यांचं करायचं काय? इथे जागेच्या प्रमाणात केलेल्या वाटणीचा खरा उपयोग होतो. जुन्या वहीत खुर्चीवर भाडं होतं ते तिच्या किमतीमुळे, त्यामुळे ते कमी करण्याचा एकच मार्ग दिसत होता: स्वस्त खुर्ची आणा. नवी वही सांगते की खुर्ची एका नगामागे १२६ भाडं भरते, आणि ते तिच्या पायांच्या आणि पाठीच्या मधल्या रिकाम्या हवेचं आहे. तीच खुर्ची सुटी करून, पाठ आणि बैठक एकावर एक रचून मागवली आणि नगामागे जागा ०.१२ वरून ०.०५ घनमीटरवर आली, तर १२ ऐवजी ५ घनमीटर लागतील. खेप १३ घनमीटरची होईल, वजनाच्या २.१ टनांपेक्षा तरीही मोठी, म्हणून आकारणी जागेवरच राहील. भाड्यात ७,३५० वाचतील, म्हणजे खुर्चीमागे ७३.५०, आणि पडत ८२७.६४ वर येईल.

बिल २,००,००० चंच राहतं, त्यामुळे सूटही शाबूत राहते. मात्र खुर्ची जोडून द्यायला माणूस लागेल, आणि त्याची मजुरी सामाईक नसेल, ती सरळ खुर्चीवरच पडेल. मालकांनी आता पुरवठादाराला सुट्या खुर्चीच्या पेटीची लांबी, रुंदी आणि उंची विचारली आहे, आणि जोडणीला किती वेळ लागतो हे पाहण्यासाठी एक नमुना मागवला आहे. मजुरी ७३.५० च्या आत बसली तर पुढची मागणी सुट्या खुर्च्यांची जाईल.